एका तारेचा षड्ज

चैत्री पौर्णिमेनंतर आमच्या येरमाळ्याला येडाईची पालखी आमराईकडे निघते, माणसे चुनखडी वेचायला वाकतात, आणि त्या गर्दीत कानावर येते ते आराध्यांचे तुणतुणे. पोकळ नळकांडे, तळाला कातडे, बाजूला काठी, वर खुंटी आणि एकच तार. एखाद्याने तेच तेच सांगितले की आपण म्हणतो, 'तुझे तुणतुणे पुरे!' मीही म्हणत असे, एका यात्रेपर्यंत.

त्या वर्षी आठवीतल्या एका पोराला मी प्रार्थनेच्या वेळी 'तू नुसते ओठ हलव' म्हणून सांगितले होते. त्याचा आवाज नुकताच फुटला होता आणि पेटीशी काही केल्या जुळत नव्हता. यात्रेत पाहतो तो हाच पठ्ठ्या बापाशेजारी उभा राहून देवीचे गाणे म्हणतो आहे, तुणतुण्याच्या तारेवरून तसूभर न ढळता! मी मान खाली घालून चुनखडी वेचू लागलो.

घरी आल्यावर जुनी पुस्तके काढली. आपल्याकडे सूर शिकायचा तो तंबोऱ्यावर. मिरजेच्या शिकलगारांनी, मूळच्या हत्यारे घडवणाऱ्या या कारागिरांनी, भोपळ्याचे तंबोरे करून गावाचे नाव देशभर नेले. जवारी नीट लागली की खर्जाच्या तारेतून कोणी न छेडलेला गांधार आपोआप उमटतो. त्याला स्वयंभू गांधार म्हणतात. पेटी आली युरोपातून. तिच्यात सप्तकाचे १२ सारखे भाग पाडलेले, म्हणून तिचा गांधार या स्वयंभू गांधाराहून किंचित चढा. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्यातले स्वर पारखून २२ श्रुतींवर १९१० साली इंग्रजीत पुस्तक काढले, त्यामागे हीच तळमळ. नभोवाणीने तर १९४० साली पेटीला दारच बंद केले. साथीपुरते ते उघडायला १९७१ साल उजाडावे लागले. (पेटीला नाक मुरडणाऱ्यांनी गोविंदराव टेंब्यांचे नाव मात्र विसरू नये.)

हे सारे वाचून पेटीवर खापर फोडायची सोय झाली होती. पण गांधाराचा तो केसभर फरक आठवीच्या पोराला कुठला अडवणार? यात्रेतले एक दृश्य डोळ्यांपुढून हलेना. गाणे सुरू होण्याआधी बापाने पोराला 'आ' करायला लावले होते आणि खुंटी पिळून तार त्याच्या गळ्याला मिळवली होती. मला मात्र प्रार्थना एकाच पट्टीत वाजवता येई, काळी पाचमध्ये. आणि साऱ्या शाळेने तिथे चढून यावे अशी माझी अपेक्षा!

शाळा भरल्यावर पोराला पेटीपाशी बोलावले. बराच वेळ तो गप्प. मग म्हणाला, "गुरुजी, तुमची पेटी लई वर बोलती."

मी एकेक पट्टी खाली येत गेलो. काळी एकवर बोट टेकले तेव्हा त्याने 'आ' लावला.