काळ्या मुलाचे रडणे

काळ्या अमेरिकन माणसाचा संताप आपण ओळखतो. ब्लॅक पँथरपासून स्फूर्ती घेऊनच १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. त्याच्या रडण्याकडे मात्र आपले फारसे लक्ष गेले नाही.

शिकागोत जन्मलेल्या जॅरड हिगिन्सचा, म्हणजे ज्यूस वर्ल्डचा, 'गुडबाय अँड गुड रिडन्स' हा पहिला अल्बम २३ मे २०१८ रोजी निघाला. वय १९, विषय प्रेमभंग. याच शहरात १९४३ साली मिसिसिपीच्या कापूसमळ्यातून मडी वॉटर्स आपले ब्लूज घेऊन आला होता. २०१२च्या सुमारास इथूनच ड्रिल हे बंदुकीच्या भाषेतले रॅप गाजले. रॅप गाणाऱ्याने धमकवावे, मिरवावे. सोडून गेलेल्या मुलीसाठी हुंदके देऊ नयेत, असा जणू दंडक. कान्ये वेस्टने २००८ सालीच तो मोडला होता. या पोराने तर भीती, निद्रानाश, गोळ्यांची सवय, काहीच झाकले नाही. 'ल्युसिड ड्रीम्स' बिलबोर्डच्या यादीत दुसरे आले.

या गाण्यांत ती मुलगी केवळ गुन्हेगार आहे, तिची बाजू नाही. हा दोष लहान नव्हे. तरीही हे दुःख 'खाजगी' म्हणून बाजूला सारणाऱ्यांशी माझे भांडण आहे. ज्याच्या वाट्याला फक्त राग ठेवला, त्याचे अर्धे माणूसपण हिरावलेलेच असते.

८ डिसेंबर २०१९ रोजी, एकविशी पूर्ण होऊन सहाच दिवस झाले असताना, ऑक्सिकोडोन आणि कोडीनच्या विषबाधेने तो गेला. २०२० साली त्याचा मरणोत्तर अल्बम निघाला आणि थेट पहिल्या क्रमांकावर गेला.