वाळवण आणि हातांची जुळणी

वाळवण म्हणजे पावसाळ्याची बेगमी, एवढं उत्तर आपण पुरेसं मानतो. चैत्रात रब्बीचा नवा गहू घरात आलेला असतो, ऊन कडक आणि हवा कोरडी असते. पुढे भाजीची चणचण, म्हणून पापड, कुरडया, सांडगे डब्यांत भरून ठेवायचे. हे खरंच आहे, पण अंगणातली आणि गच्चीवरची ती गर्दी नुसत्या बेगमीने उलगडत नाही. वाळवण ही त्याआधी माणसांची जुळणी होती, आणि त्याचा पुरावा कुरडईच्या कृतीतच सापडतो. तीन दिवस भिजवलेला गहू वाटून, गाळून त्याचा चीक रात्रभर ठेवायचा. सकाळी वरची निवळ काढून तो आधणात ओतत अखंड घोटायचा. शिजलेला चीक गरम असेतोवरच सोऱ्यातून नीट उतरतो. म्हणजे एकीने घोटायचं, दुसरीने सोऱ्या भरायचा, तिसरीने बाजेवर अंथरलेल्या जुन्या धोतरावर कुरडया घालायच्या, तेही ऊन चढायच्या आत. एकट्या बाईच्या आवाक्यातलं हे काम नव्हे. म्हणून आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे अशी पाळी लागे. चीक उतरवायची वेळ आजी ओळखणार आणि काठी घेऊन कावळे-चिमण्या हाकलणार नातवंडं. त्यांची मजुरी म्हणजे वाटीभर गरम चीक, नाहीतर तेलात बुडवलेली पापडाची लाटी.

यावर आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे: हा बायकांच्या फुकट श्रमांचा दिवस होता, त्याचं कौतुक कसलं? त्या श्रमांना दाम मिळायलाच हवा होता, आणि तो मिळवून देणारी मोठी घटना गच्चीवरच घडली. 15 मार्च 1959 रोजी गिरगावात सात गुजराती गृहिणींनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले. तीच पुढची ‘लिज्जत’. पहिल्या वर्षी पावसामुळे चार महिने काम थांबलं. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि स्टोव्ह घेतला: पापड खाटेवर, स्टोव्ह खाली. उन्हाची अट तिथेच सुटली. पुढे केंद्रावरून पीठ न्यायचं आणि घरी लाटून पापड परत आणायचे, अशी घडी बसली. हजारो बायकांच्या हाती स्वतःचे पैसे आले. हा लाभ मी कशाहूनही मोठा मानते. पण पापड एकटीला लाटता येतो म्हणून हे जमलं, हेही ध्यानात घ्यायला हवं. कुरडईला माणसं लागतातच.

शेजारणींची ही देवघेव सहज चालणारी होती, तिला व्यवस्था कशी म्हणायची, असंही कुणी विचारेल. शेतीतल्या इर्जिकीत शेजारी आपली औतं घेऊन येतात, मजुरी घेत नाहीत, जेवून जातात आणि त्यांच्या कामाला आपण जायचं असतं. कुरडयांच्या पाळीचा व्यवहार याहून वेगळा नव्हता. तरी इर्जिकीची नोंद ग्रामजीवनाच्या इतिहासात होते आणि वाळवण पाककृतींच्या पुस्तकात जातं. ही वाटणी मला मान्य नाही. कोणत्या वाड्यात किती घरांची पाळी असे, सोऱ्या कुणाचा आणि तो कुठवर उसना जाई, हे सांगू शकणाऱ्या आज्या अजून आहेत. त्यांना आत्ताच विचारून लिहून घेतलं पाहिजे.