सी-90ची एक बाजू

पिंक फ्लॉइड या रॉक बँडचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ हा अल्बम 1973च्या मार्चमध्ये बाजारात आला, आणि त्याच्याबद्दलचा वाद आजही मिटलेला नाही. ही एकसंध रचना आहे, की एकापुढे एक नीट लावलेली सुटी गाणी? मुंबईच्या उपनगरांतले रॉकवालेही या प्रश्नावर हिरिरीने भांडत आले. सुरांच्या आणि शब्दांच्या आधाराने दोन्ही पक्षांना भरपूर बोलता येतं, म्हणून तर वाद संपत नाही. माझं म्हणणं असं की इथल्या या भांडणाचं मूळ कोऱ्या कॅसेटच्या लांबीत आहे. अंधेरी-बोरिवलीच्या किंवा घाटकोपर-मुलुंडच्या श्रोत्याच्या हाती हा अल्बम कोणत्या वस्तूच्या रूपात पडला, त्यावर तो कोणत्या पक्षात जाणार हे बरंचसं ठरत होतं.

अल्बम सुमारे 43 मिनिटांचा. एलपीवर तो दोन बाजूंना वाटलेला: पहिली जेमतेम साडेएकोणीस मिनिटांची, दुसरी साडेतेवीसच्या आसपास. ईएमआयच्या भारतातल्या कंपनीने, म्हणजे दमदमच्या ग्रामोफोन कंपनीने, त्याची भारतीय आवृत्ती काढली. पण तेव्हा एलपी विकत घ्यायची तर घरी रेकॉर्ड प्लेअर हवा, तो ठेवायला जागा हवी, आणि निवडीला वाव हवा असेल तर काळा घोड्याच्या ‘ऱ्हिदम हाऊस’पर्यंत जायला हवं. 1980च्या दशकात घरोघरी टेपरेकॉर्डर आले तेव्हा हे सगळं टळलं. पीटर मॅन्युएल यांनी 1993च्या आपल्या पुस्तकात कॅसेटने भारतातली जुनी मक्तेदारी कशी मोडली ते तपशिलाने मांडलं आहे. त्यांचा भर अर्थातच भजनं, गझला आणि लोकगीतांवर आहे. इंग्रजी रॉक मात्र याच काळात दुसऱ्या वाटेने फिरत होतं: कोरी कॅसेट आणायची आणि मित्राकडून किंवा कॅसेट भरून देणाऱ्या दुकानातून ती भरून घ्यायची.

कोरी कॅसेट मुख्यतः दोन मापांची. सी-60च्या एका बाजूला तीस मिनिटं, सी-90च्या एका बाजूला पंचेचाळीस. ‘डार्क साइड’ सी-60वर सलग भरला तर टेप ‘अस अँड देम’च्या मध्यावर संपते, गाणं अर्धं इकडे आणि अर्धं तिकडे. सी-90वर मात्र अख्खा अल्बम एकाच बाजूला मावतो, आणि उलट्या बाजूला 44 मिनिटांचा ‘विश यू वेअर हिअर’ बसतो. जेथ्रो टलचा ‘थिक अ‍ॅज अ ब्रिक’ म्हणजे तर एकच लांबलचक गाणं. एलपीसाठी ते मधोमध कापावं लागलं होतं. तेही सी-90च्या एका बाजूत राहतं. येसचा ‘क्लोज टू द एज’ अडतीस मिनिटांचाच, त्यामुळे उरलेल्या टेपवर भरणारा काहीतरी भलतंच गाणं चिकटवून द्यायचा. त्या अल्बमच्या चाहत्यांनी हा त्रास सोसला.

या मापांचा परिणाम सगळ्यात ठळक दिसतो तो ‘डार्क साइड’च्या सांध्यावर. एलपीची पहिली बाजू क्लेअर टॉरीच्या शब्दांविना गायनावर संपते. मृत्यूवरची ती जवळजवळ पाच मिनिटांची आलापी हळूहळू विझते, सुई उचलली जाते, श्रोता उठतो, तबकडी उलटतो, कदाचित चहाही टाकतो. मग दुसरी बाजू गल्ल्याच्या खणखणाटाने सुरू होते आणि सात मात्रांचं ‘मनी’ येतं. एलपीवाल्याला ‘मनी’ हा नवा आरंभ वाटतो तो म्हणूनच. सी-90वाल्याला मध्ये श्वास घ्यायलाही फुरसत नाही. मरणाचा सूर विरतो न विरतो तोच नाण्यांचा आवाज कानावर आदळतो. हा धक्का ज्याने दरवेळी खाल्ला त्याला ‘मनी’ हे वेगळं, खपाऊ गाणं आहे हे पटवणं कठीण. अंधेरीहून चर्चगेटला जाणारी धीमी लोकल साधारण पाऊण तास घेते. वॉकमन लावून बसलेल्याला तेवढ्यात अख्खा अल्बम ऐकता येत होता, बाजू न बदलता.

यावर एलपीवाल्यांचा पहिला आक्षेप आवाजाचा, आणि तो मला मान्य आहे. शेवटच्या हृदयाच्या ठोक्यांवर अ‍ॅबी रोड स्टुडिओचा दारवान जेरी ओ’ड्रिस्कॉल काही पुटपुटतो. भरून घेतलेल्या टेपच्या सुसकाऱ्यात ते पुटपुटणं सहज बुडतं. नादाच्या बारकाव्यांवर बोलायचा हक्क एलपीवाल्यांचाच. दुसरा आक्षेप अधिक भक्कम आहे: बँडनेच दोन बाजू धरून क्रम लावला, मग मधली फट हा रचनेचाच भाग नाही का? इथे आपल्याच संगीताकडे पाहावं. केसरबाई केरकरांनी तीन-साडेतीन मिनिटांच्या ध्वनिमुद्रिकांत राग असा बसवला की त्यांची भैरवी 1977मध्ये व्हॉयेजर यानातून अंतराळात गेली. म्हणून राग तीन मिनिटांचा असतो असं कोणी म्हणत नाही. कलावंत माध्यमाची मर्यादा कौशल्याने वापरतो, त्याने ती मर्यादा त्याची इच्छा ठरत नाही. शिवाय इथे इतिहासाचा पुरावाही आहे. ही रचना ध्वनिमुद्रित होण्याआधी, 1972च्या सुरुवातीपासूनच, पिंक फ्लॉइड ती रंगमंचावर सलग वाजवत होते. फट नंतर आली, तबकडीबरोबर.

तिसरा आक्षेप उपनगरांवरच आहे. मुंबईचं रॉक म्हणजे धोबी तलावचं रंगभवन, उपनगरं फक्त श्रोते पुरवत होती, असं म्हणतात. रंगभवनाचा मान कोणी हिरावून घेत नाही. पण शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे तिथले कार्यक्रम बंद पडल्यावर हे संगीत उत्तरेकडेच सरकलं. ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा महोत्सव अंधेरीच्या चित्रकूट मैदानावर भरू लागला, 2009च्या डिसेंबरात पवईच्या आयआयटीत ‘मूड इंडिगो’ या महोत्सवात पोर्क्युपाइन ट्री हा बँड वाजवून गेला, आणि 2013मध्ये ‘कोशिश’ या मुंबईच्या बँडने ‘फिरदौस’ हा अख्खा एका सूत्रात ओवलेला अल्बम हिंदीतून काढला. नुसत्या श्रोत्यांच्या वस्तीत हे सगळं घडत नसतं.

एकसंधपणाच्या मुद्द्यावर मी कॅसेटवाल्यांच्या बाजूने आहे. 18 फेब्रुवारी 2007 रोजी वांद्रे-कुर्ला संकुलातल्या एमएमआरडीए मैदानावर पिंक फ्लॉइडच्या एकेकाळच्या रॉजर वॉटर्सने ‘डार्क साइड’ पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवला. कार्यक्रमाला मध्यंतर होतं, पण ते अल्बम सुरू होण्याआधी.