काळ्या पडद्यावरची अर्जुनी

१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. त्याच वर्षी मार्चमध्ये ऑलिव्हिए फूर्दाँ या प्रोग्रामरने १९९६ पासून चालवलेला 'एक्सएफसीई' हा हलका डेस्कटॉप मुळापासून नव्याने लिहायला घेतला होता. दोन घटनांचा परस्परसंबंध काहीच नाही. पण जुन्या, कमी ताकदीच्या संगणकावर लिनक्स बसवायचे म्हटले की आजही याचे नाव आधी निघते. अशा संगणकावर गोंदियाच्या आठ तालुक्यांच्या नावांनी आठ फाईली ठेवल्या, तर देवनागरीच्या इतिहासातले एक अर्धवट राहिलेले प्रकरण उघडे पडते.

फाईलींच्या खिडकीत तिरोडा, सालेकसा, अर्जुनी मोरगाव ही नावे सुबक दिसतात. 'प्रिंट स्क्रीन' दाबले की त्यांचे चित्र उतरते. (हे नाव एके काळी शब्दशः खरे होते. १९८१ च्या आयबीएम पीसीवर शिफ्टसह ही कळ दाबली की पडद्यावरचा मजकूर थेट प्रिंटरकडे जाई.) आता कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-३ एकत्र दाबावे. खिडक्या नाहीशा होतात आणि काळा पडदा येतो. हा कन्सोल. त्याचे 'टीटीवाय' हे नाव टेलिटाईप यंत्रांपासून आलेले. डेस्कटॉप गोठला तर दुरुस्तीचा मार्ग बहुधा इथूनच जातो. आणि इथे यादी मागवली की अर्जुनीच्या जागी चौकोन उमटतात.

कारण जुने आहे. मजकुरी पडदा म्हणजे ८० स्तंभ आणि २५ ओळी, एकूण २,००० घरे; एका घरात एक आकृती. आकृत्यांचा साठा २५६, फार तर ५१२. रोमन लिपीला एवढे पुरते. 'अर्जुनी' मात्र अ, र, हलन्त, ज, उकार, न, ईकार अशा सात संकेतांनी साठवली जाते आणि त्यातला र पुढच्या ज च्या डोक्यावर रफार होऊन बसतो. 'गोंदिया'चेही संकेत सातच. त्यात द नंतर साठवलेली वेलांटी दिसायला हवी द च्या आधी. ही उलथापालथ छापखान्यातल्या जुळाऱ्याने हाताने केली. कन्सोलला ती येत नाही.

अशक्य होते, असे मात्र नाही. आयआयटी कानपूरमध्ये ऐंशीच्या दशकात देवनागरी टर्मिनलचे काम झाले. मोहन तांबे यांच्यासारख्या अभियंत्यांनी पुढे आणलेले 'जिस्ट' तंत्रज्ञान १९८८ मध्ये पुण्याच्या सी-डॅकमध्ये आले. पीसीत जिस्ट कार्ड बसवले की रोमनसाठी घडलेल्या मजकुरी पडद्यावर जोडाक्षरे उमटत. अक्षरजुळणीचे ओझे कार्ड उचली. १९९१ मध्ये 'इस्की' हे भारतीय मानकही ठरले. लिनक्सचा जन्मही त्याच वर्षीचा! पुढे खिडक्यांच्या जगात अक्षरजुळणी सॉफ्टवेअरकडे गेली, कार्डाची गरज उरली नाही, आणि सगळे लक्ष खिडक्यांकडे वळले. मला यात तंत्राच्या मर्यादेपेक्षा दुर्लक्षच अधिक दिसते. काळा पडदा फक्त तंत्रज्ञांचा आणि तंत्रज्ञाची लिपी रोमन, हे न बोलता धरले गेले.

कन्सोलचे चित्र घ्यायलाही डेस्कटॉपचे साधन चालत नाही, कारण ते खिडक्यांच्या व्यवस्थेकडूनच चित्र मागते आणि ती मागे राहिलेली असते. त्याऐवजी लिनक्स 'व्हीसीएस' नावाच्या विशेष फाईलींतून पडद्यावरचा मजकूर वाचू देते, पण घरटी एकच बाइट. त्यात देवनागरी मावत नाही. २०१८ च्या ४.१९ या आवृत्तीत 'व्हीसीएसयू' ही भावंड-फाईल आली. तिच्यात प्रत्येक घरातला युनिकोड संकेत मिळतो. म्हणजे डोळ्यांना चौकोन दिसतो तिथेही ज चा ज म्हणून हिशेब ठेवता येतो. तरीही यंत्रे सांभाळणारी शहाणी माणसे फाईलींना रोमन नावेच देतात.