संदर्भ मेनू

संदर्भ मेनू म्हणजे संगणकाच्या पडद्यावरील एखाद्या घटकावर माउसच्या उजव्या बटणाने टिचकी दिली असता उघडणारा, त्या घटकाला लागू असलेल्या आज्ञांचा मेनू होय. विंडोज ९५ (इ.स. १९९५) या कार्यप्रणालीत त्याचा सर्रास वापर झाला.

सूचीतील नियंत्रण

फाइलींच्या सूचीत नोंदीवर टिचकी दिल्यास 'नाव बदला', 'हटवा' अशा आज्ञा, तर रिकाम्या जागी 'क्रम लावा', 'चिकटवा' अशा आज्ञा अपेक्षित असतात. म्हणून मेनू दाखवण्यापूर्वी टिचकीच्या स्थानी कोणती नोंद आहे, हे तपासावे लागते. जावाच्या स्विंग संचातील जेटेबलमध्ये उजव्या टिचकीने ओळ आपोआप निवडली जात नाही. तशी तजवीज न केल्यास 'हटवा' ही आज्ञा आधी निवडलेल्या भलत्याच ओळीवर लागू होऊ शकते. डॉटनेटच्या विंडोज फॉर्म्समध्ये 'ओपनिंग' ही घटना रद्द करून मेनू रोखता येतो.

उघडण्याचा क्षण

विंडोजमध्ये मेनू बटण सोडल्यावर, तर मॅकवर ते दाबताच उघडतो. त्यामुळे स्विंगमध्ये दोन्ही क्षणी तपासणी करावी लागते.

कळफलकाद्वारे वापर

विंडोजमध्ये शिफ्ट व एफ१० या कळा एकत्र दाबूनही मेनू उघडतो. अशा वेळी टिचकीचे स्थान उपलब्ध नसल्याने तो निवडलेल्या नोंदीजवळ दाखवणे योग्य ठरते. माउस हाताळू न शकणाऱ्या व्यक्तींसाठी ही सोय आवश्यक आहे.