युनिक्सवर्गीय प्रणालींतील नेटवर्क-ड्रायव्हर: जुळणीचा आणि ज्ञानाचा इतिहास

१

संगणकाला जाळ्याशी जोडणाऱ्या कार्डाचा ड्रायव्हर बसविणे हे काम आज इतके किरकोळ मानले जाते की, त्याला स्वतःचा असा काही इतिहास असेल ही शंकाही सहसा कोणाच्या मनात येत नाही. जे कोणी त्याचा विचार करतात त्यांची समजूतही बहुधा एकाच सरळ रेषेने जाते: पूर्वी हे काम अवघड होते, हळूहळू ते सुकर होत गेले आणि आता ते आपोआप होते. ही समजूत खोटी नाही. पण ती अपुरी आहे. तीत श्रमाचा हिशेब आहे, ज्ञानाचा नाही. कार्ड कसे चालते हे कोणाला ठाऊक होते, ते जाणून घेण्याची मुभा कोणाला होती आणि ती कोणी नाकारली, हे प्रश्न विचारले म्हणजे तीच कथा निराळी दिसू लागते.

युनिक्स आणि तिच्या वळणावर घडलेल्या बीएसडी, लिनक्स इत्यादी प्रणालींच्या बाबतीत हे प्रश्न विशेष महत्त्वाचे ठरतात. कारण या प्रणालींचे ड्रायव्हर पुष्कळ अंशी कार्ड बनविणाऱ्या कंपन्यांनी नव्हे, तर बाहेरच्या माणसांनी लिहिले. बाहेरच्या माणसाने लिहावयाचे तर आधी त्याला कळले पाहिजे. म्हणून ड्रायव्हर बसविण्याच्या पद्धतीचा इतिहास हा तांत्रिक माहितीच्या उपलब्धतेचा इतिहास म्हणून तपासण्याचे प्रस्तुत लेखात योजिले आहे.

२

विषयप्रवेशापुरते ड्रायव्हरचे कार्य सांगितले पाहिजे. कार्डावरील चिपमध्ये काही रजिस्टरे असतात. कोणत्या रजिस्टरात कोणता अंक लिहिला असता चिप जागी होते, कोठून आलेले पाकीट वाचावे, पाठविलेले पाकीट वाटेत आदळले तर काय करावे, हे सर्व जाणणारा आणि त्याप्रमाणे वागणारा कार्यक्रम म्हणजे ड्रायव्हर. प्रणालीच्या गाभ्याला, म्हणजे कर्नेलला, या बारकाव्यांशी कर्तव्य नसते. त्याला केवळ 'पाकीट दे' आणि 'पाकीट घे' एवढेच म्हणता आले म्हणजे पुरते. यावरून ड्रायव्हर बसविण्याच्या कामाचे दोन भाग ध्यानात येतील. पहिला, कार्डाची आणि ड्रायव्हरची गाठ घालून देणे. दुसरा, त्या गाठीतून निर्माण झालेल्या जोडमुखाला जाळ्यातील पत्ता देणे.

दुसऱ्या भागाची रीत फार लवकर ठरून गेली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील संशोधकगटाने १९८३ मध्ये ४.२बीएसडी ही आवृत्ती प्रसिद्ध केली. तीत इंटरनेटचे संकेत युनिक्समध्ये सर्वत्र वापरता येतील अशा रूपात आले आणि त्यांबरोबर 'इफ्‌कॉन्फिग' ही आज्ञाही आली. जोडमुखाचे नाव, त्याचा पत्ता आणि जाळ्याचा मुखवटा, म्हणजे नेटमास्क, एवढे सांगितले की जोडमुख सुरू होई. पुढे लिनक्समध्ये 'आयपी' या आज्ञेने तिची जागा बऱ्याच अंशी घेतली; तथापि विचारण्याच्या गोष्टी बदलल्या नाहीत. पत्ता कोणता, जाळे केवढे, बाहेरची वाट कोणती, नावांचा उलगडा कोणाकडे मागावयाचा, या चार प्रश्नांची उत्तरे आजही द्यावी लागतात. ती माणसाने दिली काय किंवा दुसऱ्या संगणकाने आपोआप पुरविली काय, एवढाच फरक.

इतिहास घडला तो पहिल्या भागात.

३

१९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत घरगुती संगणकावर युनिक्सवर्गीय प्रणाली चालविणाऱ्याच्या हाती बहुधा एनई-२००० या नमुन्याचे कार्ड असे. हा नमुना नॉव्हेल कंपनीचा. त्यावरील डीपी-८३९० ही चिप नॅशनल सेमिकंडक्टर या कंपनीची. चिपच्या कंपनीने तिची माहितीपत्रके आणि कार्डाचे नमुनेही प्रसिद्ध केले होते. परिणामी अनेक लहानमोठ्या कारखान्यांनी त्या नमुन्याबरहुकूम स्वस्त कार्डे काढली आणि एका ड्रायव्हरवर ती सारी कमीअधिक प्रमाणात चालू लागली. फ्रीबीएसडीमध्ये या वर्गाच्या कार्डांसाठी डेव्हिड ग्रीनमन यांनी 'ईडी' हा ड्रायव्हर लिहिला. लिनक्समध्ये डोनाल्ड बेकर यांनी 'एनई' लिहिला. बेकर यांच्या या ड्रायव्हरच्या मथळ्यावर १९९३ चा स्वामित्वहक्क अमेरिकी सरकारच्या नावे, राष्ट्रीय सुरक्षा संस्थेच्या संचालकांमार्फत, नोंदलेला आहे. पुढे १९९४ मध्ये बेकर आणि टॉमस स्टर्लिंग यांनी नासाच्या गॉडर्ड केंद्रात साध्या संगणकांची मोट बांधून 'बेओवुल्फ' हा गणनसमूह उभा केला. अशा समूहाचा सारा भार स्वस्त कार्डांवर आणि त्यांच्या ड्रायव्हरांवर असतो. बेकर यांनी एकामागून एक इतके ड्रायव्हर का लिहिले, याचा उलगडा यातून होतो.

त्या काळच्या जुळणीत वापरणाऱ्याला काय ठाऊक असावे लागे? कार्ड ज्या आयएसए खाचेत बसे, तिच्यात कार्डाने आपण होऊन नाव सांगण्याची सोय मुळात नव्हती. कार्डाचा पोर्ट आणि त्याची व्यत्ययरेषा कार्डावरील लहानशा पितळी टाचण्यांवर टोपण सरकवून ठरवावी लागे आणि तेच अंक प्रणालीलाही सांगावे लागत. बीएसडीत ते कर्नेलच्या रचनापत्रात लिहून कर्नेल नव्याने संकलित करीत. लिनक्समध्ये मॉड्यूलच्या आज्ञेपुढे किंवा त्याच्या नोंदवहीत लिहीत. अनेक कार्डे कारखान्यातून षोडशमान पद्धतीतील ३०० या पोर्टावर आणि ३ या व्यत्ययरेषेवर बसवून येत. पण ३ ही रेषा बहुधा दुसऱ्या सीरियल पोर्टानेही धरलेली असे. मग दोघांचा झगडा होऊन पाकिटे अडकत. ड्रायव्हरने स्वतःच निरनिराळे पोर्ट चाचपून पाहावेत, तर त्या चाचपण्याने दुसरेच एखादे उपकरण बिथरून सारा संगणक थिजण्याचा संभव असे. याच कारणास्तव 'एनई' हा ड्रायव्हर मॉड्यूल म्हणून चढविताना आयएसए कार्डाच्या पोर्टाचा अंक सांगणे सक्तीचे होते.

हे काम त्रासाचे होते यात संशय नाही. तथापि त्या त्रासात एक गोष्ट गृहीत धरलेली होती: जे जाणावयाचे ते जाणता येण्याजोगे होते. टाचणी डोळ्यांना दिसे, पोर्टाचा अंक पुस्तिकेत छापलेला असे, चिपचे माहितीपत्रक मागितल्यास मिळे. अडचण श्रमाची होती, मनाईची नव्हती.

४

इंटेलने १९९२ मध्ये पुढे आणलेल्या पीसीआय या खाचेने या श्रमाचा मोठा वाटा नाहीसा केला. या खाचेतील प्रत्येक कार्ड विचारल्याबरोबर दोन अंक सांगते: बनविणाऱ्याचा आणि वस्तूचा. इंटेलने स्वतःसाठी ८०८६ हा अंक घेतला. आपल्या जुन्या प्रसिद्ध प्रोसेसरची ती आठवण होय. कार्डच आपली ओळख देऊ लागल्यावर कोणता ड्रायव्हर चढवावयाचा हे ठरविण्यास माणसाची गरज उरली नाही. प्रत्येक ड्रायव्हरने आपण कोणते अंक ओळखतो त्याची यादी द्यावी, प्रणालीने त्या याद्यांत कार्डाचा अंक शोधावा आणि जुळणारे मॉड्यूल चढवावे, अशी व्यवस्था बसली. लिनक्सच्या २.६ या मालिकेत, म्हणजे २००३ च्या अखेरीपासून, ती पुरती रुळली.

येथे एक सूक्ष्म भेद नजरेआड होऊ देता कामा नये. कार्ड आपले नाव सांगते. आपला स्वभाव सांगत नाही. नाव कळल्याने कोणाला बोलवावयाचे हे कळते, पण बोलावलेल्याला काम येत असलेच पाहिजे. ते त्याला कोणी शिकविले, हा प्रश्न जसाच्या तसा राहिला. तारेच्या कार्डांच्या बाबतीत तो फारसा जाणवला नाही. कारण माहिती बऱ्यापैकी मिळत होती. बिनतारी कार्डे आली आणि तो एकदम ऐरणीवर आला.

५

बिनतारी जाळ्यांचे ८०२.११ हे मानक १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. मानक सर्वांसाठी खुले होते. चिप मात्र बंद राहिली. ॲथेरॉस या कंपनीच्या चिपमधील रेडिओ बव्हंशी सॉफ्टवेअरच्या आज्ञेत चाले. रजिस्टरांची माहिती उघड केली तर लोक मनाई असलेल्या वारंवारतांवर प्रक्षेपण करतील आणि नियामक संस्था आपल्याला जबाबदार धरतील, असे त्या कंपनीचे म्हणणे होते. मार्ग असा निघाला: सॅम लेफ्लर यांनी ड्रायव्हरचा वरचा भाग खुला लिहिला, आणि रजिस्टरांना प्रत्यक्ष हात घालणारा 'हॅल' हा थर केवळ यंत्रभाषेत, मूळ लेखनाविना, वाटण्यात आला. हे लेफ्लर म्हणजे ४.२बीएसडी घडविणाऱ्या बर्कलीच्या गटातील एक प्रमुख कार्यकर्ते. ज्यांच्या पिढीने मूळ लेखन वाचूनच प्रणाली शिकावयाची अशी परंपरा घातली, त्यांच्यापैकीच एकाला बंद पेटीचा राखणदार व्हावे लागले. यात व्यक्तीचा दोष शोधण्यापेक्षा काळाची अडचण पाहणे अधिक योग्य होईल. कार्ड चालावे अशी लोकांची निकड होती आणि कंपनी याहून अधिक देत नव्हती.

ही तडजोड सर्वांनी मानली नाही. ओपनबीएसडीचे प्रवर्तक थिओ डी राट यांनी गुप्ततेच्या कराराविना कागदपत्रे मिळावीत, असा आग्रह कंपन्यांकडे धरला. त्या प्रकल्पातील रायक फ्लोटर यांनी बंद थराच्या वर्तनाचा अभ्यास करून त्याच्या जागी खुला थर लिहिला. मे २००५ मधील ३.७ या आवृत्तीत तो आला. पुढे लिनक्समध्ये त्याच्या आधारे 'एटीएच-५के' हा ड्रायव्हर तयार होऊ लागला, तेव्हा हे लेखन चोरीचे तर नव्हे, अशी शंका निघाली. सॉफ्टवेअर फ्रीडम लॉ सेंटर या कायदेविषयक संस्थेने ते तपासून २००७ मध्ये निर्वाळा दिला आणि २००८ मध्ये तो ड्रायव्हर कर्नेलात दाखल झाला. त्याच वर्षी ॲथेरॉसने आपल्या नव्या चिपांसाठी स्वतःच खुला ड्रायव्हर दिला, आणि जुन्या 'हॅल'चे मूळ लेखनही लेफ्लर यांच्या हस्ते प्रसिद्ध झाले. रेडिओच्या नियमांवर बोट ठेवून जे अशक्य म्हणून सांगितले जात होते, ते चार-पाच वर्षांत शक्य ठरले.

ब्रॉडकॉमच्या चिपांची कथा याहून कष्टाची आहे. तेथे दोन गट करण्यात आले. एका गटाने कंपनीचा बंद ड्रायव्हर उकलून चिपचे वर्णन साध्या गद्यात लिहून काढले. दुसऱ्या गटाने बंद ड्रायव्हरकडे ढुंकूनही न पाहता केवळ त्या वर्णनावरून नवा ड्रायव्हर लिहिला. पाहणारा लिहीत नाही आणि लिहिणारा पाहत नाही, हा यातील दंडक. नक्कल केल्याचा आरोप टाळण्यासाठी तो कसोशीने पाळला गेला. मायकेल ब्युश आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा ड्रायव्हर जून २००६ मध्ये लिनक्सच्या २.६.१७ या आवृत्तीत आला.

याच सुमारास तिसरीही एक वाट चोखाळली गेली. विंडोजसाठी लिहिलेला ड्रायव्हर जसाच्या तसा उचलून त्याला आपण विंडोजमध्येच आहोत असे भासवावयाचे, ही ती युक्ती. लिनक्समध्ये 'एनडीआयएस-रॅपर'ने आणि फ्रीबीएसडीमध्ये बिल पॉल यांच्या कार्याने ती साधली. हजारो लोकांची नड तिने भागविली हे कबूल केले पाहिजे. परंतु या वाटेने कार्ड चालले, तरी कार्डाविषयीच्या ज्ञानात एका अक्षराचीही भर पडली नाही.

६

येथपर्यंतच्या विवेचनावरून खुल्या ज्ञानाचा अखेर विजय झाला, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होईल. तो आवरला पाहिजे. ब्रॉडकॉमच्या चिपवर स्वतःचा एक लहानसा प्रोसेसर असतो आणि त्याला चालविणारे फर्मवेअर संगणकाने दर वेळी त्यात भरावे लागते. बाहेरच्यांनी ड्रायव्हर लिहिला, पण ते फर्मवेअर कंपनीचेच राहिले. ते वाटण्याचीही परवानगी नव्हती. म्हणून वापरणाऱ्याने कंपनीचा बंद ड्रायव्हर मिळवून त्यातून फर्मवेअर एका खास साधनाने कापून काढावे, असा द्राविडी प्राणायाम सांगण्यात येई. बंद ड्रायव्हर मिळे जाळ्यावर, आणि जाळे तर त्याच कार्डावाचून दुर्लभ! इटलीतील ब्रेशिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २००९ मध्ये यांतील काही चिपांसाठी खुले फर्मवेअर लिहून दाखविले; एका विद्यापीठीय गटाचे हे काम आपल्यासारख्यांनी आवर्जून लक्षात ठेवावे असे आहे. सप्टेंबर २०१० मध्ये ब्रॉडकॉमने नव्या चिपांचा ड्रायव्हर खुला केला, तोही फर्मवेअर वगळूनच.

तेव्हापासूनची सामान्य स्थिती हीच आहे. ड्रायव्हर खुला असतो, पण पुष्कळ ठिकाणी तो केवळ निरोप्या उरला आहे. निरोपाचा अर्थ चिपच्या आत, बंद फर्मवेअरमध्ये ठरतो. स्वातंत्र्याच्या तत्त्वाबद्दल सर्वांत कडक समजल्या जाणाऱ्या डेबियन प्रकल्पानेही ऑक्टोबर २०२२ मधील मतदानाने बंद फर्मवेअर आपल्या अधिकृत संस्थापन-संचात घेण्याचा निर्णय केला आणि जून २०२३ मधील १२व्या आवृत्तीपासून तो अमलात आला. फर्मवेअरवाचून जाळ्याचे कार्डच चालत नाही, तर प्रणाली बसवावयाची कशी, हा प्रश्न तत्त्वाहून निकडीचा ठरला.

सारांश, या इतिहासात दोन रेषा आहेत आणि त्या एका दिशेने जात नाहीत. जुळणीचे श्रम सतत कमी होत गेले. अज्ञाताचे क्षेत्र मात्र कमी झाले नाही; ते टाचणीवरून रजिस्टरात आणि रजिस्टरातून फर्मवेअरमध्ये सरकत, दर वेळी वापरणाऱ्याच्या हातापासून एक पायरी दूर गेले. पेशवे दफ्तराच्या बंद दारांची कथा ज्यांना ठाऊक आहे, त्यांना कागद अस्तित्वात असणे आणि तो वाचता येणे यांतील अंतर समजावून सांगण्याचे कारण नाही. जुळणी सुलभ झाली म्हणून हे अंतर मिटले असे मानू नये. ज्या विद्यार्थ्याला या विषयात पुढे काम करावयाचे असेल, त्याने ड्रायव्हरांच्या मूळ लेखनातील टीपा वाचाव्यात. जेथे लेखकाने एखाद्या अंकाचे कारण लिहिले आहे तेथे ज्ञान आहे. जेथे केवळ अंक आहे आणि कारण नाही, तेथे कोणीतरी ते सांगण्यास नकार दिलेला असण्याचा संभव आहे. इतिहासाच्या शोधाला आरंभ तेथूनच करावा.