परदेशात राहणं-जेवण फुकट, बदल्यात थोडं काम: टुरिस्ट व्हिसावर हे चालतं का?

'हॉटेलचा खर्च शून्य! रोज चार तास मदत करा आणि युरोप फिरा.' असे रील्स तुम्हीही पाहिले असतील. कुणी न्यूझीलंडच्या शेतावर सफरचंदं तोडतंय, कुणी थायलंडमध्ये मुलांना इंग्रजी शिकवतंय, तर कुणी हॉस्टेलच्या रिसेप्शनवर बसलंय. वर्कअवे, वर्ल्डपॅकर्स, वूफ यांसारख्या वेबसाइट्सवर अशा हजारो संधी दिसतात.

रीलमध्ये एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. पगार मिळत नाही म्हणजे ते 'काम' नाही, असं बहुतेकांना वाटतं. अनेक देशांचे कायदे मात्र तसं मानत नाहीत.

नेमकी अडचण कुठे येते?

२०२५ च्या सुरुवातीला एक ब्रिटिश पर्यटक अमेरिकेत फिरत होती. ती यजमान कुटुंबांकडे राहायची आणि राहण्याच्या बदल्यात घरकामात मदत करायची. पुढे कॅनडात जाताना सीमेवरच्या अधिकाऱ्यांनी तिला अडवलं. तिथेही ती असंच राहणार होती, आणि त्यासाठी वर्क व्हिसा लागतो असं अधिकाऱ्यांचं म्हणणं होतं. तिला परत अमेरिकेत पाठवण्यात आलं आणि तिथल्या यंत्रणेने तिला जवळपास तीन आठवडे स्थानबद्धता केंद्रात ठेवलं.

पगाराचा एक रुपयाही हातात आला नव्हता. पण राहण्याची सोय हाच कामाचा मोबदला आहे, असा अर्थ लावला गेला.

'काम' कशाला म्हणायचं?

प्रत्येक देशाची व्याख्या वेगळी आहे. खरा घोळ इथेच होतो.

न्यूझीलंडमध्ये 'लाभ किंवा मोबदल्यासाठी' केलेली कृती म्हणजे काम. मोबदल्यात राहणं-जेवणही येतं. त्यामुळे तिथे शेतावर राहून मदत करायची असेल, तर साधा व्हिजिटर व्हिसा पुरत नाही.

कॅनडात पगार मिळतो का, एवढंच बघत नाहीत. तुमच्या कामामुळे स्थानिक माणसाच्या रोजगाराशी थेट स्पर्धा होत असेल, तर तेही काम ठरतं. म्हणजे हॉस्टेलने पगारी माणूस ठेवण्याऐवजी तुम्हाला फुकटात ठेवलं, तर प्रश्न येऊ शकतो.

ऑस्ट्रेलिया थोडा सैल आहे. सहलीचा मुख्य हेतू पर्यटन हवा, काम खरोखर स्वेच्छेचं हवं आणि एरवी ते एखाद्या स्थानिकाने पगार घेऊन केलं असतं असं नको. या अटी पाळल्या तर राहणं-जेवण घेतलेलं चालतं.

थायलंडमध्ये बिनपगारी शिकवायचं असलं, तरी नॉन-इमिग्रंट व्हिसा आणि वर्क परमिट घ्यावं लागतं.

ब्रिटनचा ३० दिवसांचा नियम काय आहे?

ब्रिटनच्या व्हिजिटर व्हिसावर व्हॉलंटियरिंग करता येतं, पण तीन अटी आहेत. एकूण कालावधी ३० दिवसांपेक्षा जास्त नको. संस्था तिथे नोंदणीकृत चॅरिटी हवी. आणि व्हॉलंटियरिंग हा तुमच्या भेटीचा मुख्य हेतू नको. मावशीकडे लंडनला गेलात आणि आठवडाभर एखाद्या चॅरिटीच्या दुकानात मदत केली, तर हरकत नाही. एखाद्या खासगी हॉस्टेलमध्ये राहण्याच्या बदल्यात चादरी बदलणं मात्र यात बसत नाही.

जास्त दिवस करायचं असेल तर चॅरिटी वर्कर व्हिसा आहे. तो जास्तीत जास्त १२ महिन्यांचा असतो. त्यासाठी परवाना असलेल्या संस्थेची स्पॉन्सरशिप लागते आणि काम बिनपगारीच असावं लागतं.

अमेरिकेत काय चालतं?

बी-१ व्हिसावर मान्यताप्राप्त धार्मिक किंवा ना-नफा सेवाभावी संस्थेच्या स्वयंसेवा कार्यक्रमात भाग घेता येतो. पगार घेता येत नाही, फक्त राहण्या-फिरण्याचा खर्च संस्था देऊ शकते. संस्थेचं पत्र सोबत लागतं. कुणाच्या घरी मुलं सांभाळणं किंवा हॉटेलात मदत करणं या सवलतीत येत नाही.

भारतीयांसाठी सरळ मार्ग आहेत का?

आहेत. जर्मनीत स्वयंसेवेचे सरकारमान्य कार्यक्रम आहेत. वृद्धाश्रम, रुग्णालयं, बालवाड्या अशा ठिकाणी साधारण वर्षभर काम करता येतं. खिशाला पैसे आणि विमा मिळतो, अनेक ठिकाणी राहण्याची सोयही होते. 'एफएसजे' या कार्यक्रमासाठी वय २७ पेक्षा कमी हवं. 'बीएफडी'ला अशी वरची मर्यादा नाही. आधी संस्थेशी करार करायचा आणि मग भारतातूनच जर्मनीच्या राष्ट्रीय व्हिसासाठी अर्ज करायचा. जर्मन भाषा थोडीफार यावी लागते.

ऑस्ट्रेलियाने २०२४ मध्ये भारतीयांसाठी 'वर्क अँड हॉलिडे' व्हिसा खुला केला. वर्षाला १,००० जागा, वय १८ ते ३० आणि निवड लॉटरीने. यावर फिरताही येतं आणि रीतसर काम करून पगारही घेता येतो.

भारतात येणाऱ्या परदेशींना काय नियम आहेत?

आपल्याकडेही नियम आहेत. टुरिस्ट व्हिसावर येणारी व्यक्ती जास्तीत जास्त एक महिना स्वयंसेवा करू शकते, पण बदल्यात पैसे किंवा इतर कोणताही मोबदला घेता येत नाही. नोंदणीकृत एनजीओसोबत जास्त काळ काम करायचं असेल, तर एम्प्लॉयमेंट व्हिसा घ्यावा लागतो. त्यावर संस्थेचं नाव आणि कामाचं ठिकाण नोंदवलेलं असतं. तुमची संस्था परदेशी स्वयंसेवक बोलावत असेल, तर हे आधी तपासा.

पकडलं गेलं तर काय होतं?

विमानतळावरून परत पाठवणं हा त्यातला सौम्य प्रकार. अमेरिकेच्या सीमेवरून तातडीच्या प्रक्रियेने हद्दपार केलं, तर साधारणपणे पाच वर्षं प्रवेशबंदी लागते. ब्रिटनमध्ये व्हिसासाठी खोटी माहिती दिल्याचं ठरलं, तर बंदी १० वर्षांपर्यंत जाऊ शकते. शिवाय 'तुम्हाला कधी प्रवेश नाकारला आहे का?' हा प्रश्न अनेक देशांच्या व्हिसा अर्जात असतो. आज फुकट मिळालेली खोली उद्या शिक्षणाच्या किंवा नोकरीच्या व्हिसाला नडू शकते.

म्हणून 'अधिकाऱ्यांना फक्त फिरायला आलोय एवढंच सांगा' असा सल्ला कुणी दिला, मग तो यजमान असो की इन्फ्लुएन्सर, तर सावध व्हा. असं सांगून तुम्ही खोटी माहिती देत असता आणि त्याचे परिणाम तुम्हालाच भोगावे लागतात.

तिकीट काढण्याआधी हे तपासा

- त्या देशाच्या सरकारी इमिग्रेशन वेबसाइटवर 'व्हॉलंटियर' शोधा. राहणं-जेवण मोबदल्यात धरतात का, ते बघा.
- यजमान नोंदणीकृत सेवाभावी संस्था आहे की खासगी व्यवसाय, हे विचारा.
- कामाचे तास, कालावधी आणि बदल्यात काय मिळणार, हे लेखी घ्या.
- शंका असेल तर दूतावासाला ईमेल करा आणि आलेलं उत्तर जपून ठेवा.
- नियम बदलत असतात. मित्राचा दोन वर्षांपूर्वीचा अनुभव हा पुरावा नाही.

जोडून देणाऱ्या वेबसाइट्स तुमची यजमानाशी ओळख करून देतात. व्हिसाची जबाबदारी मात्र तुमचीच असते.